जुनी कंबरदुखी आणि कटिबस्तीची ट्रायल: प्लासिबो ग्रुपला नेमकं काय द्यायचं?

वैदेही_पंचकर्म

नमस्कार सगळ्यांना, प्रश्न जरा मोठा आहे, वेळ असेल तर नक्की वाचा. मी पंचकर्मात एमडी करतेय, पहिलं वर्ष. थिसिसची सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, नाशिकला विद्यापीठाकडे पाठवायचीय, त्याआधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि तिथेच घोडं अडलंय. विषय आहे तीन महिन्यांपेक्षा जुनी कंबरदुखी, पायात कळ न जाणारी, आणि त्यावर महानारायण तेलाची कटिबस्ती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पेशंटला पालथं झोपवून कमरेवर उडदाच्या पिठाची गोल पाळी बसवतात, त्यात सोसेल इतपत गरम तेल ओततात, गार होत आलं की कापसाने टिपून घेऊन परत गरम ओततात, असं साधारण अर्धा पाऊण तास.

गाइड सरांचं म्हणणं की दुसऱ्या ग्रुपला डायक्लोफिनॅक जेल द्या, आधी-नंतर वेदनेचा स्कोअर घ्या, तुलना करा, संपलं. जुन्या बऱ्याच थिसिसमध्ये मी तसंच पाहिलंय. पण कमिटीत एक फार्मकॉलॉजीच्या मॅडम आहेत, त्यांनी विचारलं की दोन्ही ग्रुप सारखेच बरे झाले तर तू काय लिहिणार, दोन्ही उपचार चांगले की दोन्ही नुसतेच? मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे.

म्हणून दुसऱ्या ग्रुपला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला पण खऱ्यासारखा वाटणारा उपचार, द्यावा असं वाटतंय. मला सुचलेलं असं की साधं तिळाचं तेल तेवढंच गरम करून वापरावं, किंवा महानारायणच पण कोमट, किंवा पाळी लावून आत काहीच नाही, किंवा फिजिओच्या डिपार्टमेंटमधून अल्ट्रासाउंडचं मशीन आणून बंद ठेवून फिरवायचं, नाहीतर सरळ वेटिंग लिस्ट, म्हणजे आत्ता काहीच नाही, उपचार नंतर. पेशंट साधारण ६० मिळतील, त्यापेक्षा जास्त आमच्या ओपीडीत दीड वर्षात होणार नाहीत. यातलं काय घ्यावं आणि का, ते प्लीज कुणी समजावून सांगा. मला खरंच ही ट्रायल नीट करायचीय, नुसती डिग्रीसाठी नाही.

आकडेमोड_पुणे

वैदेही, त्या मॅडमचा प्रश्न लाखमोलाचा आहे, त्यांना सोडू नकोस. मी संख्याशास्त्रवाला, ट्रायलच्या डेटावरच पोट चालतं, त्यामुळे माझ्या बाजूने सांगतो.

आधी जेलचं. ऑस्ट्रेलियातली पेस नावाची ट्रायल २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. नवीन उठलेल्या कंबरदुखीचे १,६५२ पेशंट, एका ग्रुपला नियमित पॅरासिटामॉल, एकाला लागेल तेव्हा, एकाला प्लासिबो. बरं व्हायला लागलेला मधला काळ १७ दिवस, १७ दिवस आणि प्लासिबोवाल्यांना १६ दिवस. तोपर्यंत पॅरासिटामॉल हाच सगळीकडे पहिला सल्ला होता! आता समज त्याआधी कुणी आपलं एखादं औषध पॅरासिटामॉलशी तुलना करून 'दोन्ही तुल्यबळ' असा निष्कर्ष छापला असता तर ते औषध चालतं असं सगळ्यांनी धरून चाललं असतं, आणि प्रत्यक्षात दोन्ही ग्रुप आपोआपच बरे होत होते. तुझ्या जेलच्या ट्रायलमध्ये नेमकं हेच होऊ शकतं.

जुन्या कंबरदुखीत एक आणखी गोष्ट असते. दुखणं रोज सारखं नसतं, चढतं उतरतं, आणि माणूस दवाखान्यात येतो तो चढलेल्या दिवशी. वर तू निकष लावणार की वेदना दहापैकी पाच किंवा जास्त असेल तरच घ्यायचा. म्हणजे तू सगळ्यांना त्यांच्या वाईट दिवशी पकडतेस, महिन्याने मोजलंस की काहीही न करता सरासरी खाली आलेली दिसणार. त्यात भर म्हणजे इतके दिवस तेल घातलंय तर 'नाही हो डॉक्टर, अजून तसंच आहे' म्हणायला आपल्याकडच्या माणसाला संकोच वाटतो. हे सगळं आधी-नंतरच्या फरकात मिसळलेलं असतं, त्यामुळे एकाच ग्रुपचा आधी-नंतरचा पी व्हॅल्यू, म्हणजे असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, कितीही छोटा आला तरी त्यावरून काही म्हणता येत नाही.

म्हणून प्लासिबो निवडायच्या आधी एकच गोष्ट ठरव, की कटिबस्तीतून तुला काय वजा करायचंय. कटिबस्तीत तेलात उतरलेली औषधं आहेत, उष्णता आहे, हाताचा स्पर्श आहे, पाऊण तास शांत पडून राहणं आहे, कुणीतरी आपली विचारपूस करतंय हे आहे. साधं तिळतेल तेवढंच गरम वापरलंस तर फक्त औषधं वजा होतात, बाकी सगळं दोन्हीकडे राहतं, आणि महानारायण मुळात तिळतेलातच सिद्ध केलेलं असल्यामुळे ही तुलना फार स्वच्छ होते. पण मग 'कटिबस्ती चालते का' हा प्रश्न तू विचारलेलाच नाहीस, 'महानारायण साध्या तेलापेक्षा सरस आहे का' एवढाच विचारलास. हे सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर स्पष्ट यायला हवं.

याचं शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे जर्मनीतली गेराक ट्रायल, २००७ मध्ये छापून आली, जुन्या कंबरदुखीचे १,१६२ पेशंट. एक ग्रुप खरं अॅक्युपंक्चर, दुसरा खोटं म्हणजे चुकीच्या जागी उथळ सुया, तिसरा गाइडलाइनप्रमाणे औषधं-फिजिओथेरपी-व्यायाम. सहा महिन्यांनी फायदा झालेले अनुक्रमे ४७.६ टक्के, ४४.२ टक्के आणि २७.४ टक्के. आता यातून काय काढायचं? फक्त पहिले दोन ग्रुप ठेवले असते तर अॅक्युपंक्चर नापास. फक्त पहिला आणि तिसरा ठेवले असते तर अॅक्युपंक्चर जोरात पास. तिन्ही होते म्हणून कळलं की सुई कुठे टोचता याने फारसा फरक पडत नाही पण त्या सगळ्या प्रकारात काहीतरी आहे जे नेहमीच्या उपचारांत नाही. उथळ सुई ही तरी पूर्ण निष्क्रिय कुठे, असा वाद घालणारे आजही आहेत आणि त्यांचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. प्लासिबो निष्क्रिय आहे हे गृहीत धरायचं नसतं, ते दाखवावं लागतं.

फिजिओ_मिरज

वरच्या सरांनी छान सांगितलंय, मी हाताने करायच्या उपचारांच्या बाजूने थोडी भर घालते.

ताई, बंद अल्ट्रासाउंड आमच्या फिजिओच्या ट्रायलमध्ये खूप वापरतात, मॅनिप्युलेशनच्या, म्हणजे हाताने मणके-सांधे हलवायच्या उपचारांच्या, ट्रायलमध्ये तर सर्रास, पण तुमच्यासाठी ते मला पटत नाही. पाच सात मिनिटं गार जेल लावून प्रोब फिरवणं कुठे आणि पाऊण तास गरम तेलाची बस्ती कुठे, पेशंटच्या मनात दोन्हीचं वजन सारखं असणारच नाही आणि मग जो फरक येईल तो औषधाचा की अपेक्षेचा हे कळणार नाही. प्लासिबो हा मूळ उपचाराइतकाच खरा वाटायला हवा, वेळ तेवढाच, खेपा तेवढ्याच, बोलणं तेवढंच.

कोमट तेलाची आयडिया पण सोडून द्या. ज्याने एकदा कटिबस्ती घेतलीय त्याला पहिल्या मिनिटाला कळेल, आणि ज्याने नाही घेतली तोही बाहेर बाकावर बसलेल्या दुसऱ्या पेशंटला विचारेल की तुम्हाला गरम लागलं का हो. आपल्याकडच्या ओपीडीत बाकावर सगळं कळतं! म्हणून दोन ग्रुपचे वार वेगळे ठेवू नका, पण एका वेळी एकच पेशंट बोलवा, हे छोटं वाटतं पण यावर ट्रायल तरते किंवा बुडते. रिकामी पाळी तर अजिबातच नको, त्यावर कुणाचा विश्वास बसणार.

मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे, चर्किन आणि त्यांच्या टीमचं, २००९, ६३८ पेशंट. त्यांनी खोट्या अॅक्युपंक्चरसाठी चक्क दात कोरायची काडी वापरली, सुई ज्या नळीतून घालतात त्याच नळीत काडी घालून कातडीवर टेकवायची, हलकेच टकटक करायची, थोडी फिरवायची, मग थोड्या वेळाने 'काढल्या'चं परत तसंच करायचं. पेशंट पालथा, पाठ त्याला दिसत नाही, आणि त्यांनी मुद्दाम असेच लोक घेतले होते ज्यांनी आधी कधीच अॅक्युपंक्चर घेतलं नव्हतं. आठ आठवड्यांनी रोलंड मॉरिस स्कोअर, म्हणजे कंबरदुखीने रोजच्या कामात किती अडचण येते त्याचा आकडा, दोन खऱ्या आणि एका काडीच्या अशा तिन्ही ग्रुपमध्ये साडेचारच्या आसपास सुधारला, काडीवाल्यांचा ४.४, आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा २.१. म्हणजे कातडीच्या आत काहीही न जाता! तुमच्याही पेशंटची पाठ त्याला दिसत नाही ही तुमची मोठी जमेची बाजू आहे, तिचा पुरेपूर उपयोग करा आणि आधी कधीच कटिबस्ती न घेतलेलेच पेशंट घ्या.

आणि असेसर ब्लाइंड आहे, म्हणजे कुणाला काय दिलंय हे मोजणाऱ्याला माहीत नाही, असं प्रत्येक थिसिसमध्ये लिहिलेलं असतं. अहो, वेदना स्वतः पेशंटच सांगतो, म्हणजे खरा असेसर तोच, त्याला माहीत असेल आणि फॉर्म भरून घेणाऱ्या इंटर्नला माहीत नसेल तर त्याला ब्लाइंडिंग कसं म्हणायचं? हे मला फार खटकतं.

रेवती_सातारा

मी डॉक्टर वगैरे नाही, बँकेत आहे, पण विषय बघून राहवलं नाही. माझी आई अशाच एका ट्रायलमध्ये होती, एका मोठ्या हॉस्पिटलात, नाव घेत नाही. जन्मभर शेतात वाकून काम केलेली बाई, कंबर गेलेली. दर आठवड्याला एसटीने जायची, त्या दिवशीचं काम बुडायचं. सही घेतली तेव्हा कागद वाचून दाखवला असं म्हणतात पण आईला एवढंच समजलं होतं की नवीन औषध फुकट मिळतंय. संपल्यावर आम्ही विचारलं की तिला खरं औषध होतं का नुसतं, तर म्हणे कळवू. आजतागायत कुणी कळवलं नाही. तिला थोडं बरं वाटलं होतं, मग ती अजून विचारते की ती गोळी कुठली होती गं, परत मिळेल का.

तुम्ही सगळे आकड्यांचं बोलताय, ते बरोबरच असेल, पण ज्याला दुखतंय त्याला मुद्दाम नुसतं तेल घालणं हे कितपत योग्य? आणि सांगून केलं तर मग तो प्लासिबो कसला? खरंच विचारतेय, उत्तर हवंय.

एथिक्स_कमिटी_मेंबर

रेवतीताई, तुमच्या आईच्या बाबतीत जे झालं ते चूकच झालं, याला दुसरा शब्द नाही. कोणता ग्रुप होता हे अभ्यास संपल्यावर सहभागी माणसाला सांगता येतं आणि सांगायलाच हवं. तुम्ही त्या संस्थेच्या एथिक्स कमिटीच्या सचिवांना लेखी विचारू शकता, संमतीपत्रकाच्या प्रतीवर कमिटीचा पत्ता-फोन असतो. ती प्रत देणं बंधनकारक आहे, मिळाली नसेल तर तेही पत्रात लिहा.

आता मूळ प्रश्न. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीबद्दलचा जागतिक हेलसिंकी जाहीरनामा, ज्याची शेवटची सुधारणा २०२४ मध्ये झाली, दोन्हींचा गाभा असा की सिद्ध झालेला उपचार असेल तर प्लासिबोला सहसा जागा नाही, पण तो नसेल, किंवा शास्त्रीय कारणासाठी प्लासिबो गरजेचाच असेल आणि त्यामुळे माणसाला गंभीर किंवा कायमची इजा होण्याचा धोका वाढत नसेल, तर चालतो. साध्या जुन्या कंबरदुखीत काही आठवडे साधं तेल घातल्याने कायमची इजा होत नाही, म्हणून बसतं. पण 'साधी' आहे हे आधी तपासलेलं पाहिजे. आपल्याकडे मणक्याचा टीबी आहे, विसरू नका. रात्री वाढणारं दुखणं, ताप, वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, पायातली ताकद जाणं, यातलं काही असेल तर तो माणूस ट्रायलमध्ये येताच कामा नये आणि मधेच निघालं तर त्याच दिवशी बाहेर काढून योग्य ठिकाणी पाठवायचं. वैदेही, हे प्रोटोकॉलमध्ये लिही, माझ्यासमोर सिनॉप्सिस आली की मी पहिलं हेच पान उघडते.

दुसरं म्हणजे प्लासिबो द्यायचा म्हणजे बाकी सगळं काढून घ्यायचं असं अजिबात नाही. दोन्ही ग्रुपला व्यायाम शिकवा, हिंडतं फिरतं राहायला सांगा, फारच दुखलं तर कुठली गोळी घ्यायची ते ठरवून द्या आणि कुणी किती घेतल्या त्याची नोंद ठेवा. त्या सगळ्याच्या वर एकाला औषधी तेल, एकाला साधं. कुणीच वाऱ्यावर राहत नाही. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई बजेटमध्ये धरायची, ताईंच्या आईसारख्या माणसांचा दिवस फुकटचा नसतो.

आणि सांगून केलं तर प्लासिबो कसला, हा प्रश्न फार चांगला विचारलात. माणसाला हे सांगायचंच असतं की तुम्हाला दोनपैकी एक मिळेल, एकात औषध नाही, कुठलं मिळालं हे शेवटपर्यंत तुम्हालाही माहीत नसेल आणि आम्हालाही. लपवायचं ते फक्त कुठलं मिळालं एवढंच. उलट उघड सांगून दिलेल्या प्लासिबोवरही अभ्यास झालेत. लिस्बनमध्ये २०१६ साली जुन्या कंबरदुखीच्या लोकांना बाटलीवर प्लासिबो असं लिहिलेल्या गोळ्या देऊन, यात औषध नाही असं तोंडावर सांगून तीन आठवडे घ्यायला लावल्या, त्यांचं दुखणं साधारण ३० टक्क्यांनी उतरलं, नेहमीचे उपचार तेवढे चालू ठेवलेल्यांचं बरंच कमी उतरलं. आता तो अभ्यास छोटा होता, शंभराच्या आत माणसं, आणि ज्यांना प्लासिबो मिळाला नाही त्यांना ते माहीत होतं, तेव्हा फार हुरळून जायचं नाही. कोलोरॅडोत २०२२ साली १५१ लोकांवर झालेल्या अभ्यासात पाठीत सलाइनचं इंजेक्शन उघड प्लासिबो म्हणून दिलं होतं, तिथे उपचार संपल्यावर वेदना गेलेले किंवा जवळजवळ गेलेले प्लासिबो ग्रुपमध्ये २० टक्के आणि नेहमीच्या उपचारांवर १० टक्के होते, आणि मेंदूला वेदनेचा अर्थ नव्याने लावायला शिकवणारी जी थेरपी ते तपासत होते तिच्यात ६६ टक्के. म्हणजे उघड प्लासिबोने थोडं होतं, फार नाही.

मेलबर्नकर

उशिरा वाचतोय. मी इथे नर्सिंगमध्ये आहे, मूळ सोलापूरचा. सगळ्यांनी उष्णता, वेळ वगैरे बोललात पण वासाचं कुणी काढलं नाही आणि माझ्या मते वैदेहीताईंची ट्रायल तिथेच फुटेल. महानारायण तेलाचा वास आपल्याकडे कुणाला ओळखता येत नाही? घरोघरी आजीच्या गुडघ्याला तेच. साधं तिळतेल ओतलं की पालथा पडलेला माणूस न बघता सांगेल.

यावर इथल्या एका ट्रायलमधला उपाय सांगतो. हाडं ठिसूळ होऊन दबलेल्या मणक्यात सिमेंट भरतात ना, व्हर्टिब्रोप्लास्टी, तिच्यावर २००९ मध्ये एकाच वेळी दोन प्लासिबो ट्रायल आल्या, एक इथली बुखबिंडर यांची ७८ लोकांची, दुसरी कॅल्म्स यांची १३१ लोकांची. बुखबिंडर यांच्या खोट्या ग्रुपमध्ये कातडी बधिर केली, सुई आत हाडापर्यंत नेली, बोथट दांड्याने हलकेच ठोकलं, आणि सिमेंट खोलीतच कालवलं, ते कुणाच्या पाठीत न जाताच, नुसता त्याचा उग्र वास खोलीत पसरावा म्हणून. खरं सिमेंट मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात वेदनेत महत्त्वाचा फरक आला नाही. त्याआधी वर्षानुवर्षं डॉक्टर शपथेवर सांगत होते की पेशंट टेबलावरून उठतो तोच बरा होऊन. अर्थात टीका करणारे म्हणाले की हाडाजवळ भुलीचं औषध सोडणं हाच एक उपचार झाला, मग २०१६ च्या वेपोर ट्रायलमध्ये सुई फक्त कातडीखालीच ठेवली आणि तिथे मात्र सिमेंटच्या बाजूने फरक दिसला, तरी वाद मिटलेला नाही. प्लासिबो किती खोल न्यायचा यावर निकाल फिरू शकतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तर तुम्ही असं करा, दोन्ही ग्रुपच्या प्रत्येक सेशनला खोलीत एका वाटीत महानारायण तेल गरम करत ठेवा. वास सगळ्यांना तोच. तेल भरलेल्या गडद रंगाच्या सारख्या बाटल्या, वर फक्त नंबर, आणि भरणारा माणूस तुमच्या डिपार्टमेंटचा नको, औषधं बनवणाऱ्या रसशास्त्र विभागाला सांगा. घरी गेल्यावर अंगाचा वास येईल म्हणून सेशननंतर दोघांनाही गरम पाण्याच्या टॉवेलने नीट पुसून काढा, आणि तरीही तेल ओतणाऱ्या थेरपिस्टला रंगावरून, चिकटपणावरून कळू शकतं, तेव्हा शक्य असेल तर ओतणारा वेगळा आणि पेशंटशी बोलणारा वेगळा ठेवा.

गोळ्यांच्या ट्रायलमध्ये हीच भानगड साइड इफेक्टची असते. तोंड कोरडं पडलं की पेशंटला कळतं आपल्याला खरी गोळी आहे. म्हणून इथे मोनाश विद्यापीठात जुन्या कंबरदुखीवर अमिट्रिप्टिलिन या मुळात नैराश्यावरच्या औषधाची ट्रायल केली, २०१८ ला आली, १४६ लोक, २५ मिलिग्रॅम रात्री, तर समोर खडूची गोळी न ठेवता बेंझट्रोपिन १ मिलिग्रॅम ठेवलं, जे पार्किन्सनमध्ये वापरतात, कंबरेसाठी त्याचा उपयोग नाही पण तोंड तेही कोरडं करतं. सहा महिन्यांनी वेदनेत दोन ग्रुपमध्ये ठोस फरक आला नाही. साधी गोळी ठेवली असती तर कदाचित आला असता आणि तो कोरड्या तोंडाचा असता. तुमच्याकडे नसांच्या दुखण्यावर प्रेगाबालिन किती सर्रास लिहितात, सायटिकावर तिची प्लासिबोशी ट्रायल २०१७ मध्ये आली, २०९ लोक, पायाचं दुखणं प्लासिबोपेक्षा कमी झालं नाही, चक्कर मात्र जास्त लोकांना आली.

वैदेही_पंचकर्म

बाप रे, एवढं सगळं! खरंच मनापासून आभार. रेवतीताई, तुमचं वाचून मी आज संमतीपत्रकाचा मसुदा परत काढला. अभ्यास संपल्यावर प्रत्येकाला त्याचा ग्रुप फोन करून सांगायचा आणि साध्या तेलवाल्यांना हवी असेल तर महानारायणची पूर्ण कटिबस्ती मोफत करायची, असं मी त्यात घातलंय, सरांशी बोलून खर्चाचंही बघते.

म्हणजे आता तिळतेल, तेवढंच गरम, वासाची वाटी, नवखे पेशंट, दोन्हीकडे व्यायाम. आकडेमोड सर, ६० पेशंट पुरतील का? आणि ब्लाइंडिंग टिकलं का हे कधी विचारायचं, शेवटी ना?

आकडेमोड_पुणे

स्पष्ट सांगतो, फरक दाखवायला नाही पुरणार. ढोबळ हिशोब असा, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडायची शक्यता) आणि ५ टक्क्यांची पातळी (नसलेला फरक दिसायची शक्यता) धरली तर एका ग्रुपला लागणारी माणसं म्हणजे १६ गुणिले स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले फरक याचा वर्ग. वेदनेच्या दहाच्या पट्टीवर डेव्हिएशन, म्हणजे माणसामाणसांतल्या स्कोअरचा पसारा, २ धरू. दोन गुणांचा फरक अपेक्षित असेल तर १६ माणसं, एका गुणाचा असेल तर ६४, आणि अर्ध्या गुणाचा असेल तर २५६, तेही एका ग्रुपला. आता गरम तेल विरुद्ध गरम तेल, सगळं सारखं, फक्त औषधं वेगळी, तिथे दोन गुणांचा फरक येईल अशी आशा मी करणार नाही. तू तो धरून सँपल साइज काढलीस तर कागदावर बसेल, पण तू स्वतःलाच फसवशील. फरक नाही असा निकाल आला तर तो तेलाचा दोष की सँपलचा, कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून माझा सल्ला, थिसिसचा मुख्य प्रश्नच बदल. 'कटिबस्तीला विश्वासार्ह प्लासिबो करता येतो का' हा घे. हा प्रश्न खरा आहे, उपयोगाचा आहे, आणि ६० माणसांत त्याचं उत्तर निघतं. पहिल्या सेशननंतर प्रत्येकाला विचार की हा उपचार तुम्हाला किती पटतो आणि किती फरक पडेल असं वाटतं, दोन्ही ग्रुपची उत्तरं जवळजवळ आली पाहिजेत. मग तुम्हाला कुठलं तेल मिळालं असं वाटतं ते विचार, औषधी, साधं, की सांगता येत नाही, आणि का वाटतं तेही एका ओळीत लिहून घे, त्या ओळीत तुला वासाचं, चिकटपणाचं, बाकावरच्या गप्पांचं सगळं सापडेल. त्यावरून बँग इंडेक्स काढता येतो, शून्याच्या आसपास असेल तर लोक अंदाजपंचे सांगतायत, १ च्या जवळ गेला तर त्यांना कळलंय. हे शेवटी विचारायचं नाही. शेवटी ज्याला बरं वाटलं तो म्हणतो मला औषधी होतं, ज्याला नाही तो म्हणतो साधं, मग ब्लाइंडिंग फुटलं की उपचार लागू पडला हे वेगळं करताच येत नाही. याच घोळामुळे ट्रायलचा अहवाल कसा लिहायचा ते सांगणाऱ्या कन्सॉर्ट नियमावलीच्या २०१० च्या आवृत्तीतून ब्लाइंडिंग टिकलं का हे कळवायची अट काढून टाकली, पण तुझ्या अभ्यासात तोच विषय असल्याने तू विचारायलाच हवंस, फक्त लवकर.

वेदना आणि रोजच्या कामातली अडचण दुय्यम म्हणून मोज. त्यासाठी ओस्वेस्ट्रीची मराठी प्रश्नावली तपासून प्रमाणित केलेली आहे, स्वतः भाषांतर करत बसू नकोस. त्यातून तुला तुझ्या ओपीडीतलं खरं डेव्हिएशन मिळेल, आणि पुढे कुणी चार पाच कॉलेजं मिळून मोठी ट्रायल करायची ठरवली तर तिसरा, फक्त व्यायामाचा ग्रुप घालून गेराकसारखं करता येईल, आणि सँपल साइज अंदाजावर नाही तर तुझ्या आकड्यांवर निघेल.

एथिक्स_कमिटी_मेंबर

सरांच्या बदलाला माझा पूर्ण पाठिंबा, कमिटीसमोर हे जास्त सहज पास होईल कारण प्रश्न आणि माणसांची संख्या एकमेकांना धरून आहेत. एक राहिलं, सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधी कर, एप्रिल २०१८ पासून ते नंतर केलेली नोंदणी घेत नाहीत. आणि मुख्य निकष कुठला, तो कधी मोजणार, हे तिथेच लिहून टाक म्हणजे नंतर कुणी बदला म्हणालं तरी गुपचूप बदलता येणार नाही.

फिजिओ_मिरज

ताई, सुरुवातीचे दोन चार पेशंट मोजणीत न धरता नुसते सरावाला घ्या, पाळी गळते का, टिपताना थेरपिस्ट काय बोलतो, दोन्हीकडे तेच बोलतो का, हे स्वतः शेजारी उभं राहून बघा. आमच्याकडे बोलायची वाक्यं कागदावर लिहून भिंतीला लावली होती, 'गरम लागतंय का', 'त्रास झाला तर सांगा' एवढीच, त्यापलीकडे 'आता बघा कसं मोकळं वाटेल' वगैरे काही नाही. कागदाचा फोटो हवा असेल तर मेसेज करा, पाठवते.